इरसाल गावं, साधी माणसं: हलक्याफुलक्या ग्रामीण मालिकांबद्दल

रानजाई

‘द व्हिकर ऑफ डिब्ली’ या ब्रिटिश मालिकेत सारखी गावसमितीची बैठक भरते. अध्यक्ष डेव्हिड हॉर्टन, गावातला पैसेवाला जमीनदार, घड्याळाकडे बघत बसलेला. फ्रँक पिकल इतिवृत्त लिहितो आणि लिहिताना इतका कीस काढतो की विषय पुढे सरकत नाही. जिम ट्रॉटला काहीही विचारा, आधी चार-पाचदा ‘नो’ येणार आणि मग जमलं तर ‘यस’. ओवेन हा शेतकरी. त्याला गुरांच्या आणि स्वतःच्या पोटाच्या तक्रारी भर बैठकीतच सांगायच्या असतात. लेटिशिया क्रॉप्ली घरून काहीतरी रांधून आणते आणि ते कोणालाच गिळवत नाही. या मंडळींत येऊन बसते जेराल्डिन ग्रेंजर, गावाची नवी पाद्री. समितीला पुरुष हवा होता. चर्चने बाई पाठवली.

मालिका बीबीसीवर नोव्हेंबर १९९४मध्ये सुरू झाली. स्त्रियांना पाद्री होऊ द्यायचं हा निर्णय चर्च ऑफ इंग्लंडने १९९२मध्ये घेतला होता आणि पहिल्या स्त्रियांना दीक्षा मिळाली मार्च १९९४मध्ये, ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये. म्हणजे ज्या प्रश्नावरून चर्चमध्ये सरळ दोन तट पडले होते, तो अजून धगधगत असतानाच लेखक रिचर्ड कर्टिस यांनी एका खेड्याच्या टेबलावर आणून ठेवला. डॉन फ्रेंचची जेराल्डिन त्यावर भाषण करत नाही. ती चॉकलेट खाते, हसते, लोकांच्या घरी जाते आणि काम करत राहते.

या मालिकांवर मला एक गोष्ट मनापासून म्हणायची आहे. त्यांना ‘डोकं बाजूला ठेवून बघायचं’ म्हणून हिणवलं जातं, ते मला पटत नाही. त्यांचा सगळा डोलारा एका कठीण अटीवर उभा असतो: इथे कोणाचीच कोणापासून सुटका नाही. शहरातल्या गोष्टीत भांडण झालं की माणूस घर बदलतो, नोकरी बदलतो, फोन उचलत नाही. गावात आज ज्याच्यावर ओरडलात तोच उद्या सकाळी चर्चच्या दारात, दुकानात, वळणावर समोर उभा. त्यामुळे प्रत्येक भांडणाला मिटण्याचा रस्ता शोधावाच लागतो. डेव्हिड हॉर्टन पहिल्याच भागात या बाईला घालवून देण्याच्या गोष्टी करतो. पुढे एकदा तोच तिला लग्नाची मागणी घालतो. मधल्या काळात त्याचा स्वभाव बदललेला नसतो, मतंही फारशी बदललेली नसतात. त्याच टेबलाशी बसबसून त्याला ती माणूस म्हणून कळलेली असते.

पहिल्या हंगामातला जनावरांच्या उपासनेचा भाग बघा. जेराल्डिन ठरवते की एक दिवस गावातल्या प्राण्यांसाठी चर्च उघडायचं. डेव्हिडचा कडवा विरोध, बाहेरही टीका. आणि त्या दिवशी गाव आपापली जनावरं घेऊन येतं. त्या प्रसंगात विनोद फार थोडा आहे. लोक आपल्या मुक्या सोबत्याला जवळ घेऊन बाकावर बसलेत, एवढंच. मला तो भाग आजही पूर्ण कोरड्या डोळ्यांनी बघता येत नाही.

आता खुळांबद्दल. जिमचा ‘नो नो नो’ सुरुवातीला निव्वळ लकब वाटते. दहा भागांनंतर आपण त्याची वाट बघायला लागतो. पुढे असा प्रसंग येतो की त्या ‘नो’च्या रांगेत खरी भीती किंवा खरा आनंद असतो आणि आपल्याला तो लगेच ओळखू येतो, कारण गावाबरोबर आपणही त्या माणसाला इतके दिवस ऐकलेलं असतं. लेखकाने खुळाकडे तुच्छतेने पाहिलं तर हे घडतच नाही. गावकऱ्यांना बावळट ठरवून हशा काढणाऱ्या मालिकाही पुष्कळ आहेत. त्या मी दोन भागांत सोडून देते.

तुम्ही कुठल्या पाहिल्यात? कशामुळे आवडल्या, कशामुळे नाही, सविस्तर लिहा. रसभंग होणार असेल तर आधी सूचना द्या.

कंदील

छान विषय. माझ्याकडून ‘लास्ट ऑफ द समर वाइन’. या प्रकारातली ही आजीबाईच. १९७३ ते २०१०, ३१ हंगाम, २९५ भाग, आणि प्रत्येक भाग रॉय क्लार्क या एकाच माणसाने लिहिलेला. चित्रीकरण यॉर्कशरमधल्या होमफर्थ आणि आसपासच्या टेकड्यांवर.

गोष्ट काय? तीन म्हातारे. काम संपलंय, संसार आटोपलाय, दिवस मोकळा आहे. ते टेकड्यांवर भटकतात, कसल्यातरी खटाऱ्यात बसून उतारावरून खाली येतात, कॅफेत बसून चहा पितात आणि आयुष्यावर गप्पा हाणतात. काँपो, रबरी बूट घातलेला, अंगावर कायम फाटके कपडे, नोरा बॅटी या शेजारणीवर जन्मभर फिदा. नोरा जाड सुरकुतलेले मोजे घालून, हातात झाडू घेऊन त्याला हाकलते. क्लेग शांत, घाबरट, सगळ्यात शहाणा. तिसरा माणूस काळानुसार बदलत गेला, पण पुढारीपणा करायची हौस त्या प्रत्येकाला.

म्हाताऱ्या माणसांना पोरकटपणा करायचा हक्क आहे, हे इतक्या ठामपणे सांगणारी दुसरी मालिका मला माहीत नाही. त्यांच्या दुखण्यांवर, एकटेपणावर मालिका रडत बसत नाही. त्यांना सरळ उतारावर सोडते.

चकवा

‘डॉक मार्टिन’चं नाव अजून कसं आलं नाही?

पिंपळपान

@चकवा, आणतो की. पण ती ‘हलकीफुलकी’ म्हणायची का, हा मला पडलेला प्रश्न आहे. मार्टिन एलिंगहॅम हा लंडनचा नावाजलेला शस्त्रक्रियातज्ज्ञ. अचानक त्याला रक्ताची भीती बसते, म्हणून कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पोर्टवेन नावाच्या काल्पनिक गावात साधा डॉक्टर म्हणून येतो. बाकी मालिकांत बाहेरून आलेला माणूस गावाला बघून गोंधळतो आणि हळूहळू विरघळतो. हा विरघळत नाही. २००४ ते २०२२, दहा हंगाम, आणि हा माणूस शेवटपर्यंत तुटक बोलतो, रुग्णांवर खेकसतो, मागे लागलेल्या कुत्र्याला हुसकावतो. मार्टिन क्लून्सने त्याला एकदाही उगाच गोड होऊ दिलेलं नाही, याचं मला कौतुक वाटतं.

रानजाई यांचा सुटका नसण्याचा मुद्दा इथे उलट बाजूने लागू होतो. गावाला त्याच्यापासून सुटका नाही, कारण तो उत्तम डॉक्टर आहे. एखाद्याचा रंग बघून, चाल बघून तो रोग ओळखतो. लोक त्याला नावं ठेवतात आणि दुखलं की त्याच्याच दारात रांग लावतात.

रानजाई

@पिंपळपान, तुम्ही ‘तो विरघळत नाही’ म्हणालात ते अगदी पटलं. विरघळतं ते गाव. मिसेस टिशेल औषधाच्या दुकानात मानेला पट्टा लावून त्याच्यावर जीव टाकते, पेनहेल हा हवालदार त्याच्याशी मैत्री करण्याची आशा सोडत नाही, बर्ट लार्ज नळदुरुस्ती सोडून खानावळ काढतो आणि तिथेही डॉक्टरच्या वाटेत येतो. त्याच्या तुसडेपणाला लोक पावसासारखं धरून चालतात. पडतो कधी कधी, त्याला कोण काय करणार! मला तर ही मालिका हलकीफुलकीच वाटते, कारण तिचा लळा गावावर आहे.

आडवाट

अमेरिकेकडेही बघू या थोडं. १९६० ते १९६८ ‘द अँडी ग्रिफिथ शो’. मेबेरी नावाचं लहानसं गाव, शेरीफ अँडी बंदूक बाळगत नाही. त्याचा मदतनीस बार्नी फाइफ इतका उतावळा की त्याला एकच गोळी दिलेली, तीही बंदुकीत न घालता खिशात ठेवायची. पोलीस चौकीवरची मालिका आणि तिच्यात बहुतेक प्रकरणं बोलून मिटतात.

मग ‘ग्रीन एकर्स’, १९६५ ते १९७१. न्यूयॉर्कचा वकील शेती करायची म्हणून हट्टाने खेड्यात येतो. तिथे अर्नोल्ड नावाचं डुक्कर टीव्ही बघतं आणि सगळं गाव त्याला शेजाऱ्याचा मुलगा समजून वागतं. वकील एकटाच डोकं धरून बसलेला. इथे शहाणपण शहराकडे आहे असं मानणाराच हास्यास्पद ठरतो, हे त्या काळात धाडसाचं होतं.

आणि १९७१मध्ये सीबीएस वाहिनीने अशा सगळ्या मालिका एका झटक्यात बंद केल्या. प्रेक्षक नव्हते म्हणून नव्हे. मेबेरीची पुढची मालिका तेव्हाही चांगली चालत होती. पण जाहिरातदारांना शहरी, तरुण आणि खर्च करणारा प्रेक्षक हवा होता. ‘ग्रीन एकर्स’मधले नट पॅट बट्रम यावर म्हणाले होते की त्या वर्षी सीबीएसने झाड असलेला प्रत्येक कार्यक्रम मारून टाकला. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी त्याच वाहिनीने ‘द वॉल्टन्स’ आणली, डोंगराळ भागातल्या एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट. ती १९८१पर्यंत चालली.

मुक्काम_पोस्ट

आडवाट यांच्या प्रतिसादावरून एक सुचलं. या मालिका जगतात किंवा मरतात त्या पैशाच्या आणि वेळापत्रकाच्या गणितावर, लेखकाच्या प्रतिभेवर नंतर. ब्रिटनमध्ये बहुतेक वेळा एका हंगामात सहा ते आठ भाग. रॉय क्लार्क यांचे २९५ भाग ३७ वर्षांत विभागले तर वर्षाला सरासरी आठ पडतात. एका माणसाला एवढं लिहून पुन्हा पात्रांबरोबर फिरायला वेळ उरतो.

आपल्याकडच्या रोज चालणाऱ्या मालिकांमध्ये हे होऊच शकत नाही. आठवड्याला सहा भाग म्हणजे रोज रात्री शेवटी काहीतरी लटकतं ठेवायलाच हवं. भांडण मिटलं तर उद्याचा भाग कशावर? म्हणून गाव कितीही सुंदर दाखवलं, नदी, देऊळ, शेत सगळं दाखवलं, तरी महिन्याभरात वाड्यातली कारस्थानं सुरू होतात. दोष गावाचा नाही, लेखकाचाही फारसा नाही. अर्ध्या तासात मिटणारं भांडण लिहायचं तर मालिका थांबू द्यायला हवी.

झी मराठीवर २०१७मध्ये ‘गाव गाता गजाली’ आली होती, मालवणी बोलीतली, रोजच्या रतीबाबाहेरची. माणसं नुसती बोलत बसली आहेत आणि तरी बघावंसं वाटतंय, असं मराठीत क्वचित झालंय. मला ती अजून खूप चालायला हवी होती.

निळी_शाई

मला ‘डिटेक्टरिस्ट्स’वर सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या दृष्टीने या प्रकाराने गाठलेली ही सर्वांत उंच जागा आहे.

बीबीसी फोर या लहान वाहिनीवर २०१४ ते २०१७ तीन हंगाम, मग २०२२मध्ये एक मोठा भाग. लेखन आणि दिग्दर्शन मॅकेन्झी क्रुक यांचं, आणि अँडीची भूमिकाही त्यांचीच. त्याचा मित्र लान्स म्हणजे टोबी जोन्स. दोघं सुट्टीच्या दिवशी शेतात धातुशोधक यंत्र फिरवतात. स्वप्न आहे सॅक्सन राजाच्या पुरलेल्या खजिन्याचं. सापडतं काय, तर शीतपेयाच्या डब्यांची झाकणं, गंजलेले खिळे, बटणं. गावात त्यांचं एक शोधमंडळही आहे. त्याचा अध्यक्ष टेरी निवृत्त पोलीस, आणि बटणांचा खरा जाणकार. प्रतिस्पर्धी मंडळातल्या दोघांना आपले हे दोघं ‘सायमन आणि गारफंकेल’ म्हणतात.

दुपारी झाडाखाली डबा उघडायचा आणि काल रात्रीच्या प्रश्नमंजूषेत कोणाला किती उत्तरं आली यावर बोलायचं. तो संवाद इतका खरा आहे की लिहिलेला वाटतच नाही. दोन पुरुषांची मैत्री, ज्यात भावना हा शब्दही कोणी उच्चारत नाही, आणि तरी एकाचं काय बिनसलंय ते दुसऱ्याला त्याच्या यंत्र धरण्यावरून कळतं.

इथे प्रेक्षकांचं हसू ध्वनिमुद्रित करून टाकलेलं नाही. डिब्लीमध्ये स्टुडिओतले प्रेक्षक हसतात, त्यामुळे नट प्रत्येक हशाला थांबतात आणि संवादाला एक ठेका येतो. ‘डिटेक्टरिस्ट्स’मध्ये त्या मोकळ्या जागेत पक्षी आहेत, गवत आहे, कीटक आहेत. कॅमेरा माणसांवरून सरकून एखाद्या फुलावर बसलेल्या किड्यावर थांबतो आणि संवाद मागे चालू राहतो. गोष्ट एसेक्समधली, चित्रीकरण मात्र सफकमध्ये फ्रॅमलिंगहॅमच्या आसपास झालं. त्या सपाट शेतांवरचा संध्याकाळचा उजेड हे या मालिकेतलं एक पात्रच म्हणावं लागेल.

तिसऱ्या हंगामात त्यांच्या आवडत्या शेतावर सौरऊर्जेचा प्रकल्प येणार असतो. म्हणजे विरोधी बाजूला कोणी खलनायक नाही. प्रकल्प चांगलाच आहे. फक्त ती जागा जाणार. या हंगामाच्या पहिल्या भागात एक दृश्यमालिका आहे. जमिनीत पुरलेली सोन्याची नाणी, वर सरकणारी शतकं, आणि ती नाणी एकेक करून उचलून नेणारे मॅगपाय पक्षी. आपल्याला कळतं, अँडी-लान्सला कळत नाही. बाकीचा हंगाम आपण हे गुपित पोटात घेऊन बघतो. शेवटी काय होतं ते सांगणार नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. अँडीची जोडीदार बेकी आणि तिची आई या भूमिका रेचल स्टर्लिंग आणि डायना रिग यांनी केल्या आहेत. त्या खऱ्या आयुष्यातही मायलेकीच. त्यांच्यातली चिमटे काढायची पद्धत बघा.

कंदील

@निळी_शाई, तो मॅगपायचा प्रसंग मी लगेच पुन्हा मागे नेऊन पाहिला होता. सुंदर लिहिलंत.

चकवा

माझा थोडा विरोधी सूर. या सगळ्या मालिका बघायला मलाही आवडतात, पण त्या गावातलं दुखणं बाहेर ठेवून गाव दाखवतात. ‘पंचायत’ घ्या. २०२०पासून सगळ्यांनी डोक्यावर घेतली. उत्तर प्रदेशातलं फुलेरा गाव, नोकरी मिळेना म्हणून सचिव होऊन आलेला अभिषेक, प्रधानजी, प्रह्लाद, विकास. चौघांची आडनावं बघा: त्रिपाठी, दुबे, पांडे, शुक्ला. उत्तर भारतातलं खेडं, आणि जातीचा प्रश्न जवळपास गैरहजर. फिरत्या खुर्चीवरून लग्नात रुसवा चालतो, भुताच्या झाडावरून गोंधळ चालतो, पण विहीर कोणाची आणि वस्ती कुठल्या टोकाला, हे येत नाही. मग हा गोडवा कशाच्या बदल्यात मिळतो?

रानजाई

@चकवा, हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि मला तो बाजूला सारायचा नाही.

‘पंचायत’ने जात टाळली हे खरं, आणि त्यामुळे मालिकेची उंची कमी राहिली असं माझंही मत आहे. सुटका नसलेल्या माणसांमधला सगळ्यात जुना, सगळ्यात खोल ताण तोच. तो वगळला की लेखकाने स्वतःसाठी सोपी भांडणं निवडली असा अर्थ होतो.

पण या प्रकाराला जड विषय पेलतच नाहीत, हे मात्र मान्य नाही. त्याच ‘पंचायत’च्या पहिल्या हंगामाचा शेवट घ्या. ७३वी घटनादुरुस्ती १९९३पासून अमलात आली, पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि असंख्य गावांत बाई निवडून आली व कारभार नवरा बघू लागला. मालिकेत मंजू देवी प्रधान आहे, ‘प्रधानजी’ मात्र तिचा नवरा. २६ जानेवारीला झेंडा कोणी फडकवायचा एवढ्या साध्या प्रश्नावर ही सगळी व्यवस्था उघडी पडते आणि मंजू देवी उभी राहून राष्ट्रगीत म्हणते. नीना गुप्ता यांनी तो प्रसंग काय केलाय! आवाजात भीती आहे, शब्द अडखळतात, आणि एका बाईला आपलं पद पहिल्यांदा अंगावर आल्याचं दिसतं. कोणी घोषणा दिली नाही. मी तर म्हणेन की ‘प्रधानजी’ झालेला रघुवीर यादव त्या क्षणी जो बघत उभा आहे, त्यातही निम्मी गोष्ट आहे.

डिब्लीने स्त्री-पाद्रीचा प्रश्न असाच उचलला. म्हणजे हत्यार आहे. ते जातीवर कोणी चालवलं नाही, ही तक्रार मी तुमच्याबरोबर करते. ज्या लेखकाला ते साधेल त्याची मी वाट बघतेय.

मुक्काम_पोस्ट

चकवा यांच्याशी सहमत, आणि रानजाई यांच्या दुसऱ्या मुद्द्याशीही. दुसऱ्या हंगामाच्या शेवटाबद्दल कोणीतरी लिहा.

पिंपळपान

(रसभंगाची सूचना: ‘पंचायत’चा दुसरा हंगाम, ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ आणि ‘बॅलीकिसएंजल’ यांतल्या मृत्यूंबद्दल पुढे लिहिलंय.)

लिहितो. अशा मालिकेत मृत्यू आला की लेखकाचा कस लागतो. मला तीन आठवतात.

‘पंचायत’मध्ये प्रह्लादचा सैन्यातला मुलगा राहुल शहीद होतो. तोवर प्रह्लाद म्हणजे हसवणारा, गळ्यात हात टाकणारा माणूस. फैजल मलिक यांनी त्यानंतरचा प्रह्लाद असा केला आहे की त्याचं तेच मोठं शरीर अचानक रिकामं दिसतं. आधीच्या भागांतली टिंगलटवाळी नसती तर हे इतकं लागलं नसतं. आणि गाव त्याला एकटं सोडत नाही. रानजाईंचा मुद्दा इथे सगळ्यात जास्त पटतो: सुटका नाही, ती दुःखातही नाही.

काँपोची भूमिका करणारे बिल ओवेन १९९९मध्ये वारले. रॉय क्लार्क यांनी पात्र दुसऱ्या नटाला दिलं नाही. २०००च्या हंगामात काँपोचा मृत्यू आणि अंत्ययात्रा दाखवली, तीही त्याला शोभेल अशी, विनोद न सोडता. ज्या नोराने त्याला जन्मभर झाडूने हाकललं तिचं त्या भागांतलं गप्प होणं बघवत नाही. पुढे बिल ओवेन यांचा मुलगा टॉम मालिकेत काँपोचा मुलगा म्हणूनच आला. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक भागात असलेले क्लेग, म्हणजे पीटर सॅलिस, २०१७मध्ये गेले तेव्हा त्यांना होमफर्थजवळच्या त्याच दफनभूमीत बिल ओवेन यांच्या शेजारी पुरलं.

तिसरा मला पटलेला नाही. ‘बॅलीकिसएंजल’, १९९६पासून. आयर्लंडमधलं गाव, तिथे आलेला इंग्रज कॅथलिक पाद्री पीटर क्लिफर्ड आणि पबची मालकीण असम्प्टा. दोघांचं प्रेम, जे त्याच्या व्रतामुळे बोलता येत नाही. तीन हंगाम हा दोर ताणत आणला आणि तिसऱ्याच्या शेवटी, ती दोघं अखेर जवळ येत असताना, असम्प्टा विजेचा धक्का बसून मरते. दोन्ही मुख्य कलाकार मालिका सोडत होते हे समजू शकतं. पण जो प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे उभा केला त्याचं उत्तर विजेच्या तारेवर सोपवायचं?

आडवाट

@पिंपळपान, मला उलट वाटतं. पीटरने पाद्रीपण सोडलं असतं तर गाव त्याच्याशी कसं वागलं असतं, हे दाखवायला मालिकेचा बाज पूर्ण बदलावा लागला असता. आणि राहिला असता तर ते दोघं रोज समोरासमोर. या पेचाला गोड शेवट नव्हताच. त्या भागातला तो धक्का मला क्रूर वाटला, पण खोटा नाही वाटला.

पिंपळपान

क्रूर चालेल. माझी तक्रार आहे ती घाईची. तीन वर्षं गावाने जे कुजबुजत पाहिलं, ते गावासमोर कधी उघड बोललं गेलं नाही. समितीच्या टेबलावर यायला हवं होतं ते पेटीतल्या फ्यूजवर गेलं.

निळी_शाई

या चर्चेतून निघालेली एक गोष्ट. प्रत्येक मालिकेत एक बसायची जागा असते. डिब्लीत समितीची खोली, होमफर्थमध्ये सिडचा कॅफे, बॅलीकिसएंजलमध्ये फिट्झगेराल्डचा पब, फुलेरात पंचायतीचं कार्यालय. कॅनडाच्या ‘कॉर्नर गॅस’मध्ये पेट्रोल पंप आणि त्याला लागून असलेलं कॉफीचं दुकान. नीट बघितलं तर ही जागा कायम अशी असते की तिथे यायला कोणाला कारण लागत नाही आणि कोणी कोणाला हाकलू शकत नाही. ती जागा ज्या भागात बंद पडायला येते, तो भाग सहसा हंगामातला सगळ्यात चांगला असतो.

चकवा

‘कॉर्नर गॅस’! सस्कॅचवानच्या सपाट प्रदेशातलं डॉग रिव्हर. २००४ ते २००९, १०७ भाग, आणि काहीही घडत नाही. शेजारच्या वुलर्टन गावाचं नाव कोणी घेतलं की सगळे एकदम जमिनीवर थुंकतात. एवढ्या एका गोष्टीवर मी सहा हंगाम हसलो.

टेकडीवरून

सगळे प्रतिसाद वाचले. यातली मी फक्त ‘पंचायत’ पाहिली आहे. बाकीच्यांत सुरुवात कुठून करू? लांबलचक मालिका लावायला वेळ नाही.

रानजाई

@टेकडीवरून, तर मग ‘डिटेक्टरिस्ट्स’. भाग थोडे आहेत आणि प्रत्येक अर्ध्या तासाचा. पहिले दोन भाग संथ वाटतील, तिथे सोडू नका. त्यानंतर डिब्लीचा पहिला हंगाम. काँपोच्या मालिकेला पहिल्यापासून बसू नका, सत्तरच्या दशकातले सुरुवातीचे भाग जरा कोरडे आहेत. मधले कुठलेही चार निवडले तरी माणसं ओळखीची होतात.

कंदील

रानजाई, ‘कोरडे’ म्हणालात ते मला आवडलं नाही, पण सल्ला बरोबर आहे.

आडवाट

@टेकडीवरून, आणि रहस्यकथा आवडत असतील तर ‘हॅमिश मॅकबेथ’. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं लोखडू गाव, चित्रीकरण प्लॉकटनमध्ये, १९९५ ते १९९७, फक्त २० भाग. रॉबर्ट कार्लाइल गावचा हवालदार आहे आणि त्याची धडपड बढती टाळण्याची. गुन्हा उकलला की श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकतो, नाहीतर वरिष्ठ त्याला शहरात नेतील. सोबतीला एक छोटा पांढरा कुत्रा आणि टीव्ही जॉन नावाचा म्हातारा, ज्याला पुढचं दिसतं. गुन्हे फार गंभीर घेऊ नका, हॅमिश गावाला कसा सांभाळून घेतो ते बघा. कायदा मोडणारा आपला शेजारी असेल तर त्याच्या दारात कसं उभं राहायचं, हे त्याच्याइतकं कोणाला जमत नाही.

टेकडीवरून

धन्यवाद सगळ्यांना. ‘डिटेक्टरिस्ट्स’चे दोन भाग झाले. टेरी बटणांवर बोलतो तो प्रसंग तीनदा पाहिला. तिसऱ्या हंगामावर येईन तेव्हा निळी_शाई यांना इथेच गाठते.